अर्जुनाचे कापरे आणि हजेरीचा खाडा

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही एकच शब्द कळवला होता, ‘विषाद’. मागच्या फलकावर आलंय ‘कष्टकरी पुरुषांचे मानसिक आरोग्य’. तक्रार नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत का, हाच आजचा प्रश्न आहे, आणि तो आम्ही एका पुस्तकाच्या निमित्ताने मांडणार आहोत. ते पुस्तक खानदेशातल्या पुष्कळ घरांत असतं, वाचलेलं असो वा नसो. विनोबांची ‘गीता प्रवचने’.

जे पुढे हे व्याख्यान लेखी स्वरूपात वाचतील त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली. समोर सत्याग्रही कैदी बसलेले. बोललेलं लिहून घ्यायला साने गुरुजी होते. म्हणजे आज आपण जे करतोय तेच, बोललेलं उतरवून घेणं. मात्र आम्ही काही विनोबा नाही, आणि आमचं भाषण उतरवणाऱ्या मुलाला साने गुरुजी व्हायची सक्ती नाही.

आता पहिलं प्रवचन. त्यात विनोबांनी जे मोठं काम केलंय ते आधी मान्य करायला हवं. अर्जुन रणांगणावर का बसला? लोक म्हणतात, भ्याला. विनोबा हे ऐकूनच घेत नाहीत. शेकडो लढाया मारलेला माणूस भितो कसा? दुसरे म्हणतात, त्याच्यात अहिंसा जागी झाली. विनोबा हेही मानत नाहीत. तिथे ते न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेला न्यायाधीश, आणि एक दिवस समोर स्वतःचाच मुलगा उभा. त्या दिवशी त्याला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागते. विनोबांचं म्हणणं असं की अर्जुनाचं तत्त्वज्ञान या जातीचं आहे. आप्तांना पाहून मोह झाला, आणि मोहाने तत्त्वज्ञानाची भाषा पांघरली. तो मोह दूर करून स्वधर्माची वाट मोकळी करणं हे गीतेचं काम.

युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे. आम्ही पस्तीसेक वर्षं वर्गात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि माणूस स्वतःच्या सोयीचं तत्त्वज्ञान कसं बनवतो हे समजावायला त्या न्यायाधीशाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलं नाही. पण उत्तर बिनतोड असलं तरी ते कोणाच्या प्रश्नाचं आहे हे बघावं लागतं.

विनोबांचं उत्तर कर्तव्य टाळू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. एखादा माणूस कर्तव्य टाळतच नसेल तर? जळगावच्या डाळमिलमध्ये पोती वाहणारा हमाल घ्या, रावेर-सावद्याकडे केळीच्या घडांनी ट्रक भरणारा घ्या, धुळ्यात यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा घ्या, नाहीतर घर मागे ठेवून सुरतेला गेलेला. हे लोक शस्त्र टाकून बसलेले नाहीत. सकाळी उठतात, जातात, पोतं उचलतात, संध्याकाळी येतात, मुलीची फी भरतात, आणि हे सगळं करत असतानाच आतून खचत जातात. यांना स्वधर्माची आठवण करून देणं म्हणजे पळणाऱ्याला ‘पळ’ म्हणणं. मोह नसलेल्या माणसाला विषाद होऊ शकतो, या शक्यतेला पहिल्या प्रवचनात जागा नाही. आमची मुख्य हरकत ही आहे, आणि ती आम्ही आदर राखून घेतो.

आणखी एक. धुळ्याच्या तुरुंगातल्या श्रोत्यांनी त्यांचं दुःख निवडलेलं होतं. सत्याग्रह करायचा, तुरुंगात जायचं, हे ठरवून आलेले लोक ते. विनोबा सांगतात की स्वधर्म शोधावा लागत नाही, आईबाप जसे आपण निवडत नाही तसा तोही जन्माबरोबर आलेला असतो. निवडून तुरुंगात आलेल्यांना हे ऐकून बळ येतं. पण जन्माबरोबर ज्याच्या पाठीवर पोतंच आलं, त्याच्या कानाला हे वाक्य वेगळं ऐकू येतं. तप माणूस निवडतो, हाल त्याच्या वाट्याला येतात. आपल्या प्रवचनकारांनी तपाचं तत्त्वज्ञान हालांना लावून टाकलंय.

आता मूळ गीतेकडे जाऊ, कारण आम्हाला वाटतं गीता इथे तिच्या भाष्यकारांपेक्षा जास्त ऐकणारी आहे. अर्जुन आधी काय सांगतो? विचार नंतर येतात, आधी अंग येतं. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं भरलं, काटा आला, धनुष्य हातातून सटकतंय, कातडी भाजतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. कुलक्षय, वर्णसंकर, नरक वगैरे तात्त्विक मुद्दे त्याच्यानंतर. या शरीराच्या वर्णनापाशी विनोबा फार थांबत नाहीत. भाष्यकारांपैकी ज्ञानदेव थांबतात. कोरडं लाकूड लीलया पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत कसा अडकतो, हा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. बळकट माणूस नेमका मऊ जागी सापडतो. त्यात दोष देण्यापेक्षा जवळ बसणं जास्त आहे.

अंग आधी बोलतं, हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. शिकलेल्या लोकांत एक समज आहे की कष्टकऱ्याला स्वतःच्या मनाचं काही कळत नाही, त्याच्याकडे भाषाच नसते. खोटं आहे. दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून बघा. ‘जीव घाबरा होतो’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’, ‘डोकं जड झालं’, ‘अन्न गोड लागत नाही’. ‘माले काही सुचत नही, भो.’ ही अर्जुनाचीच यादी आहे, फक्त संस्कृत नाही. तिच्यावर एक सलाईन चढतं, एक ताकदीचं इंजेक्शन मिळतं, आणि माणूस कामावर परत. डॉक्टरांना आम्ही नावं ठेवत नाही. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात. पण अर्जुन जर त्या दिवशी कुरुक्षेत्राऐवजी एखाद्या तालुक्याच्या गावी असता, तर त्याला सलाईन लागलं असतं आणि गीता झालीच नसती.

मग कृष्णाचं पहिलं उत्तर. ते आपल्या सगळ्यांच्या घरात पाठ आहे, श्लोक येत नसला तरी. हा काय नामर्दपणा, तुला शोभत नाही, ऊठ. ‘क्लैब्य’ हा शब्द तिथलाच. बाप मुलाला हेच म्हणतो, मुकादम गड्याला हेच म्हणतो, बायकोही वैतागून कधी हेच म्हणते. पण पुढे काय होतं ते बघा. कृष्णाचं हे बोलणं दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीचे दोन श्लोक चालतं, आणि त्याचा उपयोग होत नाही! अर्जुन उठत नाही. उलट तो आणखी मोकळं बोलतो. मला कळेनासं झालंय, माझी इंद्रियं सुकवणारा हा शोक कशाने जाईल ते दिसत नाही, तूच सांग. आणि मग तो गप्प बसतो. त्यानंतर खरं सांगणं सुरू होतं आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतं. अपकीर्तीची भीती घालणारे श्लोक पुढेही येतात, ते आम्ही लपवत नाही. पण ‘मर्द हो’ हा उपाय खुद्द भगवंताने करून बघितला आणि तो लागू पडला नाही, हे गीतेच्याच पानावर आहे. आपली घरं मात्र त्या दोन श्लोकांवरच थांबलेली आहेत.

त्याहीआधी एक गोष्ट घडते, आणि आमच्या मते सगळा अर्थ तिथे आहे. अर्जुन म्हणतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा कर. आणि रथ उभा राहतो. पहिला अध्याय सत्तेचाळीस श्लोकांचा आहे, त्यात कृष्णाच्या तोंडी जेमतेम एक ओळ आहे. बाकी वेळ तो ऐकतो. शंख वाजलेत, दोन्हीकडची सैन्यं ताटकळलीत, आणि एक माणूस ‘मला जमत नाही’ हे सविस्तर सांगतोय. परंपरेने या अध्यायाला ‘योग’ म्हटलं, अर्जुनविषादयोग. विषाद हा योग होऊ शकतो, त्याची पहिली अट रथ थांबणं ही आहे.

आता सांगा, रोजंदारीच्या माणसाचा रथ कोण थांबवतो?

आपल्याकडे न येण्याला शब्द आहे, खाडा. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. मुकादमाकडून उचल घेतलेली असेल तर खाड्याचा हिशेब वेगळा होतो, आणि चार खाडे झाले की जागेवर दुसरा उभा असतो. कारखान्यात रीतसर नोंद असलेल्या, ठरावीक मर्यादेच्या आत पगार असलेल्या कामगाराला राज्य विमा योजनेतून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. चांगली सोय आहे. पण ती नोंद असलेल्याला. ट्रक भरणाऱ्याचं नाव असतं ते मुकादमाच्या वहीत. स्वतःला समजून घ्यायला, म्हणजे तत्त्वज्ञानात ज्याला आपण आत्मज्ञान वगैरे म्हणतो त्याला, किमान एक बिनखाड्याचा रिकामा दिवस लागतो. तत्त्वज्ञांनी ही अट फारशी लिहून ठेवली नाही, कारण त्यांच्यापाशी तो दिवस होता.

इथे अमळनेरची गोष्ट सांगायला हवी. प्रताप शेठजींनी अमळनेरला कापड गिरणी चालवली आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. देशभरातले विद्वान तिथे येऊन राहिले. साने गुरुजी खानदेशात आले ते या मंदिराच्या ओढीने, मग तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. मलकानी, रासबिहारी दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ या विषयावर एक ग्रंथ लिहिला, १९३३ साली. वेदान्ताच्या अभ्यासकांना तो अजून लागतो. आम्हीही त्याच्यावर वाढलो आणि त्या मंदिराचं ऋण आमच्यावर आहे. तरी विचार मनात येतोच. साच्यांवर उभ्या माणसांच्या श्रमातून जो पैसा आला, त्याच्यावर अज्ञानाचं स्वरूप तपासलं गेलं. साच्यावरचा माणूस स्वतःबद्दल काय जाणतो, हा प्रश्न भोंग्याच्या टप्प्यात असूनही कुणाला सुचला नाही.

तो प्रश्न त्याच सुमारास दुसरीकडे विचारला गेला. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं सुमारे दीड हजार वस्तीचं गिरणगाव होतं. मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोडा, लाझार्सफेल्ड आणि त्सायझल या संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी माणसांचं चालणं मोजलं! बेकार झालेले पुरुष बायकांपेक्षा हळू चालतात, वाटेत पुन्हा पुन्हा थांबतात. बायकांना घरकाम होतंच, त्यांचा दिवस शिल्लक होता. पुरुषांपाशी वेळच वेळ, आणि त्यांना दिवसभरात काय केलं ते सांगता येईना. वाचनालयातून पुस्तकं नेणंसुद्धा कमी झालं. वेळ वाढला तर वाचन वाढेल, असं आम्ही मास्तर लोक समजतो.

खानदेशात हे वेगळ्या दशकांत झालं. गिरण्या एकेक करून मंदावल्या, बंद झाल्या. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आज खरेदीचं संकुल आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील साचेवाले होते. गिरणी थांबल्यावर ते पहाटे उठेनासे झाले, दुपारपर्यंत अंथरुणात. घरच्यांनी आळशी म्हटलं, कुणी दारूचा संशय घेतला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘भोंगाच नही वाजत, त उठू कशाले?’ आम्ही हे वाक्य नंतर एम.ए.च्या वर्गात काळ आणि हेतू यांचा संबंध शिकवताना वापरत असू. त्यांना मोह झालेला नव्हता. त्यांचं निदान अचूक होतं. ते ऐकायला घरात कुणाला सवड नव्हती इतकंच.

आता साने गुरुजी. प्रवचनं लिहून घेणारा हात त्यांचा. १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी पुरुषाला रडायची परवानगी कुणी दिली असेल तर ती गुरुजींनी. त्यांची पुष्कळ टिंगल झाली. ती करणाऱ्यांची आम्हाला कीव येते. पण समीक्षक म्हणून एक नोंदवावंच लागेल. ही परवानगी मुलाला आहे. श्याम आईपाशी रडतो, आईच्या आठवणीने रडतो. चाळिशीतल्या गड्याने कुठे रडायचं, कुणापाशी, याचं उत्तर त्या पुस्तकात नाही, आणि आपण ते दुसरीकडे शोधलंही नाही. म्हणून आपल्याकडे पुरुषाच्या अश्रूंना दोनच जागा राहिल्या, आई आणि दारू.

गुरुजींनी कर्तव्य टाळलं असं कुणी म्हणू शकेल? अमळनेरच्या गिरणी कामगारांत आणि पूर्व खानदेशच्या शेतकऱ्यांत ते राबले, फैजपूरच्या काँग्रेससाठी गावोगाव फिरले, पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, १९४८ला ‘साधना’ काढलं. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आम्ही इथे निदान करायला बसलेलो नाही, सत्तर वर्षांनंतर तो अधिकार कुणालाच नाही. आमची हरकत आपल्या सांगण्याच्या पद्धतीला आहे. जयंती-पुण्यतिथीला आपण एकतर ते वाक्य गाळतो, नाहीतर देशाची स्थिती बघून संवेदनशील मन खचलं असं म्हणतो. म्हणजे तिथेही त्या माणसाचं स्वतःचं दुखणं शिल्लक ठेवत नाही, त्याचं लगेच राष्ट्रीय प्रतीक करून टाकतो. स्वधर्मात कधी कसूर न केलेला माणूस विषादात बुडू शकतो, याचा याहून जवळचा पुरावा कुठला? धुळ्यातल्या त्या रविवारी हा प्रश्न लिहून घेणाऱ्याच्या हातातच होता.

कामगार चळवळीने काय केलं? तिने रागाला भाषा दिली, हे थोर काम. निराशेला दिली नाही. मोर्चात निराशा चालत नाही. धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील हे एक अपवाद वाटतात. जाणिवेच्या जोडीला नेणीव धरल्याशिवाय शोषित माणूस कळणार नाही, हे त्यांनी दिङ्नागापर्यंत मागे जाऊन मांडलं. त्यांची मांडणी अवघड आहे आणि काही ठिकाणी आम्हाला ती ताणलेली वाटते, पण दिशा बरोबर होती. आणि आसोद्याच्या बहिणाबाई. मनाला त्यांनी शेतातल्या जनावरासारखं पाहिलं, हाकललं तरी परत वळणारं. त्याच्यावर रागावणं नाही, त्याला मोह म्हणून दोष देणं नाही. राखण करणाऱ्या बाईला जनावर कसं असतं ते ठाऊक असतं. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचं हे मानसशास्त्र खानदेशच्या पुरुषाने शाळेत पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. बायकांचं आहे म्हणून असेल.

आकडे आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवले, कारण आकडे आधी आले की लोक पुढचं ऐकत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांत शंभरातले जवळपास ७२ पुरुष. व्यवसायानुसार सर्वांत मोठा गट रोजंदारीवरच्यांचा, एकूण संख्येच्या २६ टक्क्यांहून जास्त. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. कारणांच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा आहे ‘कौटुंबिक अडचणी’, ३१.७ टक्के. हा रकाना बघितला की आम्हाला तो भोंगा आठवतो. गिरणी बंद पडली हे कारण अहवालात घरातलं भांडण होऊन येतं.

सध्या मोबाइलवर एक नवीन प्रवचनकार वर्ग आलाय. संकटं माणसाला घडवतात, मानसिकता बदला, पहाटे पाचला उठा. पोती वाहणारा चारलाच उठलेला असतो! हे लोक व्हिक्टर फ्रँकलचं नाव घेतात. छळछावणीतही माणूस अर्थ शोधू शकतो, हे फ्रँकलने लिहिलं ते खरं. पण हाच फ्रँकल त्याच्या आधी व्हिएन्नात तरुणांसाठी विनामूल्य सल्ला केंद्रं काढणारा डॉक्टर होता, हे कुणी सांगत नाही. अर्थ शोधायला सांगणाऱ्याने आधी बसायला खुर्ची दिली होती.

आता करायचं काय, असं खाली कुणीतरी विचारलंय. आम्ही तत्त्वज्ञानाचे, आमच्याकडे योजना नसतात. तरी दोन गोष्टी. २०२२पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तो क्रमांक डाळमिलच्या काट्यापाशी, जिनिंगच्या गेटवर, हजेरीच्या जागी लिहून ठेवता येईल. खडूने लिहिला तरी चालेल. आणि ज्या मंडळांत दर रविवारी गीतेवर बोललं जातं, त्यांना एक विनंती. पहिल्या अध्यायाला अख्खा एक रविवार द्या. दुसरा अध्याय त्या दिवशी उघडू नका. कुणाला आपल्या अंगाच्या कापऱ्याबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्या, आणि बोलून झाल्यावर लगेच श्लोक म्हणू नका.

वेळ संपत आलीय. प्रश्न लिहून पाठवण्यापेक्षा तोंडी विचारलेले आम्हाला जास्त समजतात. माइक मागच्या रांगेतून सुरू करा, तिथे दोघंजण मघापासून उभेच आहेत.